आठ दिवसांचे पाहुणे

शास्त्रपाठ : लूक 10:1-12, 17-20; प्रेषितांची कृत्ये 15:36

अलीकडे पुष्कळ मंडळ्यांतील तरुण संघ सुट्टीत आठ-दहा दिवसांच्या सुवार्ताफेरीस निघतात. कोणी ईशान्येच्या डोंगरांत जातात, तर कोणी थायलंडच्या डोंगरी जमातींपर्यंत जाऊन येतात. आम्हां इंदूरकरांस इतके दूर जावे लागले नाही. इंदुराहून धारमार्गे पश्चिमेस सुमारे 200 किलोमीटर गेले की अलिराजपूरचा डोंगराळ मुलूख लागतो. तेथे भिल्ल व भिलाला लोकांची वस्ती आहे. 2011 च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत हा जिल्हा देशात शेवटचा होता. शंभरातील जेमतेम 36 माणसांस लिहितावाचता येत होते. दिवाळीपूर्वी आम्ही अकरा जण तेथील एका गावी आठ दिवस राहून आलो. त्या फेरीत आम्ही काय शिकवले यापेक्षा आम्हांस काय शिकावे लागले, ते प्रस्तुत पाठाच्या प्रकाशात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

1. आपल्या आधी कोण गेले?

प्रभूने सत्तर शिष्यांस (काही प्रतींत बाहत्तर) पाठवले, ते जेथे तो स्वतः जाणार होता अशाच गावी. म्हणजे जाणारा कोणीही रित्या जागी जात नाही. तेथे प्रभूचे आधीच लक्ष असते. आम्ही मात्र निघताना, जणू त्या डोंगरात प्रथमच दिवा नेत आहोत अशा थाटात निघालो होतो.

वस्तुस्थिती निराळी होती. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इंदुरात 1877 साली काम सुरू केले. एकोणिसावे शतक संपता संपता त्याच मिशनचे डॉ. जॉन ब्यूकॅनन अलिराजपूरच्या डोंगरात आमखुट येथे जाऊन राहिले. लवकरच 1899-1900 चा, लोक ज्याला छप्पन्या म्हणतात तो भयंकर दुष्काळ आला. त्यांचे काम आठ दिवसांत झाले नाही. त्यात वर्षांमागून वर्षे गेली. तेव्हा त्या भागातील मंडळी म्हणजे काही कालचे मूल नव्हे. शहरातील कित्येक मंडळ्यांपेक्षा ती वयाने वडील आहे. आपल्या थोरल्या भावाच्या घरी जाताना आपण शिक्षकाच्या ऐटीत जावे काय?

2. पुढे वाढलेले खा

लूक 10 मधील आज्ञांचा क्रम पाहण्याजोगा आहे. थैली नेऊ नका. एकाच घरी राहा. पुढे वाढतील ते खा. आजाऱ्यांस बरे करा. आणि मग देवाचे राज्य जवळ आल्याचे सांगा. आधी जेवण, मग सेवा, मग शब्द! आम्ही हा क्रम नेमका उलटा केला होता. आम्ही शिधा, स्टोव्ह, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांची चार पोती बरोबर नेली. आमचा स्वयंपाक वेगळा, आमची बैठक वेगळी. येताच आम्ही भाषण केले आणि कपडे वाटले.

तिसऱ्या दिवशी आमच्या यजमानांच्या वृद्ध आईने विचारले, "आमच्या घरचं तुम्ही खात नाही. आमचं काही चुकलं का?" आमच्यापैकी कोणासही उत्तर देता येईना. त्या रात्री आम्ही स्टोव्ह पेटवला नाही. आजीने मक्याचे पानिये पळसाच्या पानांत घालून गोवऱ्यांवर भाजले; बरोबर उडदाची डाळ होती. नंतर कळले की मक्याची कापणी ऐन भरात असताना त्या घरातील दोन माणसे आमच्यासाठी रोज पाणी व सरपण आणण्यात गुंतली होती. आपण त्यांना द्यावयास आलो या समजुतीत आम्ही होतो, आणि त्यांची मजुरी मात्र आम्ही खात होतो.

घेणे हे देण्यापेक्षा कठीण आहे. देणारा उंच बसतो. घेणाऱ्यास हात पुढे करावा लागतो. प्रभूने आपल्या शिष्यांस थैलीवाचून पाठवले, ते त्यांनी प्रथम हात पुढे करावा म्हणूनच असेल, असे आम्हांस आता वाटते.

गाण्यांचेही तेच झाले. आम्ही शहरातील हिंदी गीते शिकवू लागलो. मुले माना डोलावीत. मग एका बहिणीने तिच्या बोलीतील भजन म्हटले, आणि दारात उभे असलेले सगळे आत आले. नारायण वामन टिळकांनी आपल्या उपासनेत अभंग आणि ओवी आणली तेव्हा मराठी ख्रिस्ती माणसास काय लाभले, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना तरी हे सांगावे लागू नये.

3. खोकल्याचे औषध

आमच्याबरोबर एक परिचारिका भगिनी होत्या. औषधांच्या पेटीपुढे रांग लागली. तिशीच्या आतले दोन तरुण बसून बसून चालत आले. त्यांना दम लागत होता. आम्ही त्यांना खोकल्याच्या बाटल्या दिल्या व प्रार्थना केली. गावच्या पाळकांनी आम्हांस बाजूला घेऊन हळूच सांगितले, "हे दोघे गुजरातेत दगड दळण्याच्या कारखान्यात होते."

दिवाळीनंतर ह्या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. गोध्रा परिसरात गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांतील बारीक धूळ छातीत बसते आणि सिलिकोसिस जडतो. त्याने फुप्फुसे कडक होत जातात; गेलेले फुप्फुस परत आणणारे औषध नाही. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा 238 मृत मजुरांच्या कुटुंबांस प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारास दिला. त्या पाळकांस ह्या रोगाची लक्षणे, तपासणीचे ठिकाण, अर्जाला लागणारे कागद, सारे ठाऊक होते. आम्हांस बाटली तेवढी ठाऊक होती.

आजाऱ्यांची सेवा करण्याची आज्ञा आहे खरी. परंतु आजार ओळखण्यास शेजार लागतो, आणि शेजार आठ दिवसांत होत नाही.

4. मागे राहणाऱ्यांचा विचार

मध्य प्रदेशात 1968 पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा होता. त्याची जागा 2021 च्या कायद्याने घेतली. बळाने, फसवून वा आमिषाने धर्मांतर करविणे हा त्यात गुन्हा आहे. आमिष दाखवणे तर सुवार्तेसही मान्य नाही. आमच्या मनात तसे काही नव्हते. पण प्रार्थनेनंतर लगेच कपड्यांची पोती सोडली, तर पाहणाऱ्याने काय समजावे? आम्ही रविवारी बसने परतलो. सोमवारी शेजाऱ्यांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावी लागली ती त्या पाळकांना. आपल्या उत्साहाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडणार असेल, तर आधी त्या खांद्यास विचारले पाहिजे.

5. "पुन्हा येतो"

निघताना आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो, "नाताळापूर्वी कांबळी घेऊन पुन्हा येतो." परीक्षा आल्या, कोणाचे लग्न निघाले, नाताळ गेला. फेब्रुवारीत आम्ही चौघे गेलो तेव्हा घराला कडी होती. माणसे मजुरीस गेली होती. आजी एकटी होती. तिने कांबळ्यांचे नावही काढले नाही. आमच्यातील एका मुलीची विसरलेली ओढणी तिने धुऊन, घडी करून ठेवली होती, ती तेवढी आणून हाती दिली.

पौलाने बर्णबास म्हटले की, जेथे जेथे वचन सांगितले तेथे परत जाऊन बंधूंचे कसे चालले आहे ते पाहू. पहिल्या फेरीइतकेच महत्त्व त्याने दुसऱ्या फेरीस दिले. आम्ही पहिल्या फेरीचे फोटो मंडळीत दाखवले, आणि दुसरी विसरलो.

मग अशा फेऱ्या बंद कराव्यात काय? नाही. सत्तर जण आनंदाने परतले, आणि प्रभूने त्यांचा आनंद मोडला नाही. फक्त तो योग्य जागी ठेवला. आपण काय केले यात नव्हे, तर आपली नावे स्वर्गात लिहिली आहेत यात आनंद माना, असे त्याने शिकवले. म्हणून आमच्या संघाने ठरविले आहे : बोलावल्यावाचून जावयाचे नाही, कापणीच्या दिवसांत जावयाचे नाही, काय आणावे ते तेथील मंडळीस विचारावयाचे, आणि दर वर्षी त्याच गावी जावयाचे. गेल्या वर्षीची कांबळी उशिरा का होईना, पण पोहोचली आहेत. ती वाटली मात्र तेथील वडिलांनी, आम्ही नव्हे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

1. लूक 10:7-9 मधील आज्ञांचा क्रम आपल्या मंडळीच्या सेवाकार्यात कोठे उलटा झाला आहे?
2. आपण कोणाच्या घरचे, मनापासून, शेवटचे केव्हा जेवलो?
3. आपल्या मंडळीने कोणाला दिलेला कोणता शब्द अजून पुरा व्हावयाचा आहे? तो कोण, केव्हा पुरा करणार?