सामाईक बागेची वांटणी व मॅक्रोचें शिक्षण

मालवण, देवगड, वेंगुर्लें या बाजूस पुष्कळ बागा सामाईक आहेत. एक भाऊ गांवीं राहून आंबा, काजू, नारळ यांची राखण करितो व बाकीचे हिस्सेदार मुंबईस असतात. चतुर्थीस सर्व मंडळी घरीं जमली म्हणजे वर्षाचा हिशेब निघतो. त्यांत चूक निघाली तर पैशाचें नुकसान थोडें, पण मनें दुखावतात तीं वर्षानुवर्षें. म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

हल्लीं हिशेब एक्सेलच्या तक्त्यांत ठेवण्याचा प्रघात आहे. दलालाच्या पट्ट्या उतरवणें, खर्च वजा घालणें, हिस्से पाडणें हीं कामें दरवर्षीं तींच तींच असतात. तीं एका बटणानें व्हावींत म्हणून जी आज्ञांची मालिका रचितात, तिला मॅक्रो म्हणतात. एक्सेलमध्यें ती व्हिज्युअल बेसिक भाषेंत लिहिण्याची सोय १९९३ पासून आहे.

आरंभ लिहिण्यानें न करितां नोंदविण्यानें करावा. ‘व्ह्यू’ या सदराखालीं ‘मॅक्रोज’ आहे. तेथें ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबून आपलें नेहमींचें काम एकदां सावकाश करावें व नोंद थांबवावी. यंत्र आपली प्रत्येक कृति टिपून घेतें. मग ‘आल्ट’ व ‘एफ ११’ या कळा एकत्र दाबल्या म्हणजे ती लिहिलेली दिसते. शिकणारानें ती ओळीनें वाचावी. हाच पहिला धडा.

परंतु यंत्रास शिकविण्यापूर्वीं हिशेब आपणांस पक्का ठाऊक पाहिजे. नाणें १९५७ सालीं दशमान झालें, तरी जुन्या कागदांतील हिस्से आणे-पईंतच आहेत. समजा, दोघांचे हिस्से पांच आणे चार पई व दोघांचे दोन आणे आठ पई आहेत, आणि निव्वळ उत्पन्न १,२०,००० रुपये आहे. कोणी ५.४ व २.८ असे आंकडे घालून सोळांनीं भागिले, तर पहिल्या दोघांस ४०,५०० व दुसऱ्या दोघांस २१,००० येतात. बेरीज १,२३,००० होते, म्हणजे उत्पन्नाहून तीन हजार अधिक वांटले गेले! यंत्र तक्रार करीत नाहीं. खरी रीत अशी कीं, आणे व पई यांचे रकाने वेगळे ठेवावे, आण्यांस बारांनीं गुणून पई मिळवाव्या, व १९२ पईंच्या प्रमाणानें वांटावें. मग ४०,००० व २०,००० असे बरोबर हिस्से पडतात.

दुसरी अडचण नोंदविलेल्या मॅक्रोची. चार हिस्सेदार असतांना केलेली नोंद त्याच चार ओळींचे पत्ते लक्षांत ठेविते. पुढें एक हिस्सेदार वारला व त्याचे तीन वारस लागले, तर ओळी सहा होतात. पण मॅक्रो चारांसच वांटून मोकळा होतो. यासाठीं मालिकेंत दोन गोष्टी स्वतः लिहाव्या. पहिली, शेवटची भरलेली ओळ शोधून तेथपर्यंतच चालावें. दुसरी, सर्व पईंची बेरीज १९२ नसेल, तर वांटणी न करितां थांबावें व तसा इशारा द्यावा. अशी अट घालूं लागला म्हणजे शिकणारा नोंद करणारा न राहतां खरी आज्ञावली लिहूं लागला असें समजावें.

कांहीं सावधगिरी. मॅक्रोनें केलेलें काम ‘अंडू’नें मागें फिरत नाहीं; म्हणून आधीं तक्त्याची वेगळी प्रत ठेवावी. फाइल ‘मॅक्रो-एनेबल्ड’ या प्रकारांतच जतन करावी, एरवीं मालिका नाहींशी होते. परक्याकडून आलेल्या फाइलींतील मॅक्रो कधींही चालूं करूं नये. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टनें २०२२ पासून आपोआप अडविण्यास आरंभ केला, याचें कारणही हेंच.

पहिल्या वर्षीं मॅक्रो व हातचा हिशेब दोन्ही करावे व पई-पई ताडून पाहावी. तक्त्याची छापील प्रत हिस्सेदारांपुढें ठेवावी व वांटणीची रीत तोंडीं समजावून द्यावी. यंत्रानें वेळ वांचतो. भावाभावांचा विश्वास मात्र रीत सर्वांस कळल्यानेंच टिकतो.