आग्वादचं दीपगृह: वर चढता येतं का?

प्रश्न : दिवाळीत गोव्याला जातोय. सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी. आग्वाद किल्ल्यातल्या जुन्या दीपगृहावर चढता येतं का? किती वेळ ठेवावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जुना पांढरा मनोरा १८६४ सालचा. १९७६मध्ये त्याचा दिवा बंद झाला आणि काम जवळच्या नव्या दीपगृहाकडे गेलं. जुन्यावर चढता येईल हे गृहीत धरू नका. बहुतेकांना तो बाहेरूनच पाहावा लागतो. नवं दीपगृह संध्याकाळी थोडा वेळ उघडतं, त्याची वेळ तिथेच विचारा.

पण खरी गंमत पायाखाली आहे. मनोऱ्यासमोरच्या मोकळ्या पटांगणाखाली पाण्याचं प्रचंड टाकं आहे. पोर्तुगीजांनी १६१२मध्ये किल्ला बांधला, तो डचांना रोखायला आणि जहाजांना गोडं पाणी पुरवायला. ‘आग्वाद’ नावातच पाणी आहे. मुलीला आधी नाव सांगा, मग टाकं दाखवा.

आई-बाबांसाठी एवढंच : गाडी दरवाजाजवळ जाते, पण आत सावली जवळजवळ नाही आणि जांभ्याच्या पायऱ्या ओबडधोबड आहेत. सकाळी लवकर जा, टोप्या आणि पाणी घ्या. दीड तास पुरे. तटावर चढून सेल्फी काढायचा मोह मात्र आवरा. वारा जोराचा असतो. उतरताना खालचा जुना तुरुंग जरूर पाहा. गोवा मुक्तिलढ्यातले सत्याग्रही तिथेच कोंडले होते. आता तिथे संग्रहालय आहे.