जबाबदारीने जुगार खेळता येतो काय?

शास्त्रपाठ : लूक 12:13-21, 1 तीमथ्य 6:6-10
मुखपाठ : इफिस 4:28
पाठाचा हेतू : कष्टाचा पैसा आणि पैजेचा पैसा यांतील भेद ओळखणे व जुगारात अडकलेल्यांना मंडळीने हात देणे.

प्रस्तावना

जुगार म्हटला की पूर्वी आपल्या डोळ्यांपुढे पत्त्यांचा अड्डा किंवा मटक्याची चिठ्ठी येत असे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर मुंबईत सट्टा चाले. तो मार्ग बंद झाल्यावर 1962 साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि 1964 साली रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे मटका सुरू केला. मडक्यातून काढलेल्या आकड्यांनी पुढे कित्येक घरांच्या चुली विझवल्या. आज अड्ड्यावर जावे लागत नाही. अड्डाच मोबाइलमधून घरी येतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना देतो की जबाबदारीने खेळा. या सूचनेचा अर्थ काय, हे आज आपण पाहू.

1. सीमा ओलांडली म्हणून पाप बदलत नाही

आपण सीमाभागात राहतो. कर्नाटकात 2007 साली लॉटरी बंद झाली. महाराष्ट्रात मात्र सरकारनेच 1969 साली राज्य लॉटरी सुरू केली होती आणि कर्नाटकाच्या बंदीनंतरही ती कायदेशीर राहिली. म्हणजे कोगनोळीच्या नाक्याच्या एका बाजूला जो अपराध, तो दुसऱ्या बाजूला परवान्याचा धंदा! चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की मांडवी नदीवर तरंगते कॅसिनो दिसतात. गोव्याने 1992 व 1996 साली कायद्यात दुरुस्ती करून त्यांना वाट करून दिली.

ऑनलाइन खेळांचेही असेच झाले. कर्नाटकाने 2021 साली पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये ती कलमे रद्द केली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा मंजूर केला. सुमारे 45 कोटी लोक दरवर्षी या खेळांत अंदाजे 20,000 कोटी रुपये गमावतात, असे त्या वेळी सरकारने सांगितले. या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना व जाहिरात करणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही.

कायद्याचा मान आपण राखलाच पाहिजे. परंतु कायदा नाक्यापाशी बदलतो, न्यायालयात बदलतो. ख्रिस्ती माणसाचा विवेक त्याच्याबरोबर हेलकावे खात राहिला तर चालणार नाही.

2. हिशेब काय सांगतो?

वर्गात हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. मटक्यात 0 ते 9 असे दहा आकडे. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जातात आणि नऊपट देणाऱ्या बुकीकडून नऊ परत येतात. म्हणजे रुपयामागे दहा पैसे बुकीचे.

कॅसिनोतील एक शून्य असलेल्या रूलेट चाकावर 37 घरे असतात. प्रत्येक घरावर एक रुपया लावला तर 37 रुपये जातात व 36 परत मिळतात. येथे रुपयामागे तीन पैसेही कापले जात नाहीत. मग हा खेळ मटक्यापेक्षा सौम्य म्हणावा काय? मुळीच नाही. मटका दिवसातून दोनदा निघे. शंभर शंभर रुपये दोनदा लावणाऱ्याचे सरासरीने वीस रुपये जात. मोबाइलवरील चाक मिनिटाला एकदा फिरले तरी तासाभरात 6,000 रुपये पणाला लागतात आणि सरासरीने 162 रुपये जातात, तेही एका तासात! कधी कोणी जिंकतो, हे खरे. पण जो खेळत राहतो त्याचे पैसे शेवटी चाकाच्या मालकाकडे जातात.

3. जोखीम आणि जुगार

येथे कोणी विचारील, ‘निपाणीचा शेतकरी तंबाखू लावतो तोही जुगारच नव्हे काय? पाऊस आणि भाव त्याच्या हातात आहेत काय?’ प्रश्न योग्य आहे. परंतु शेतकऱ्याच्या जोखमीतून पीक उभे राहते. वडगाव-शहापूरच्या विणकराच्या मागावर लुगडे तयार होते. जुगारातून काहीच तयार होत नाही. एकाच्या खिशातील पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो आणि एकाला हसण्यासाठी दुसऱ्याला रडावे लागते.

‘प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या’ असेही काही म्हणतात (प्रे. कृत्ये 1:26). खरे आहे. पण तेथे कोणी पैसे लावले नव्हते आणि कोणाचे काही हिरावले गेले नाही. ज्यांनी दुसऱ्याची वस्तू मिळवण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या ते वधस्तंभाखाली बसलेले शिपाई होते (योहान 19:23-24). समोर प्रभू प्राण सोडत होता आणि त्यांचे लक्ष वस्त्राकडे होते.

जॉन वेस्ली यांनी पैशाच्या उपयोगावरील उपदेशात मिळवणे, राखणे व देणे या तीन गोष्टी शिकवल्या. पण मिळवताना शेजाऱ्याच्या मालमत्तेला धक्का लागता कामा नये, असे सांगून त्यांनी तेथे जुगाराचा स्पष्ट उल्लेख केला. मुखपाठाच्या वचनातही पौल हेच शिकवतो : हातांनी श्रम करावे, म्हणजे गरजवंताला देण्यास आपल्याजवळ काही असेल.

4. जबाब कोणाला द्यायचा?

जबाबदार म्हणजे ज्याला जबाब द्यावा लागतो तो. कंपनीची ‘जबाबदारी’ एवढीच की झेपेल तेवढे हरा. परंतु आपण धनी नसून कारभारी आहोत आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो (लूक 16:2). हजार विड्या वळून आईने आणलेल्या मजुरीतून मुलाने रात्री शंभर रुपये चाकावर लावले, तर ते शंभर रुपये कोणाचे? त्याचा जबाब तो आईला डोळ्याला डोळा भिडवून देऊ शकेल काय? जे खेळणे घरच्यांपासून लपवावे लागते, त्याला जबाबदार हा शब्द शोभत नाही.

5. मंडळीचे कर्तव्य

(अ) अडकलेल्याला पापी म्हणून हाकलू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाची गणना आजारांत केली आहे. कर्जाच्या भीतीने माणूस जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या विचारापर्यंत जातो. त्याला एकटे सोडू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्यापासून फार दूर नाही.

(आ) नातेवाइकांनी गुपचूप कर्ज फेडून मोकळे होऊ नये. आधी सर्व देण्याची यादी त्याच्याकडून उघड करून घ्यावी, काही काळ पैशाचा व्यवहार घरातील दुसऱ्याने पाहावा, आणि मग फेडीचा विचार करावा.

(इ) पाळकांनी व वडिलांनी ऐकलेली गोष्ट मनातच ठेवावी. बोभाटा झाला की दुसरा कोणी तोंड उघडत नाही.

(ई) कापणीच्या सणाला आपण आणलेल्या वस्तूंचा लिलाव करतो. तेथे पैसे देणारा वस्तू घेऊन जातो. पण त्याच मांडवात बक्षिसाच्या सोडतीची तिकिटे विकली, तर मुले काय शिकतील? कार्य चांगले आहे म्हणून मार्गही चांगला ठरत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

1. लूक 12 मध्ये वतनाची वाटणी मागणाऱ्या माणसाला प्रभूने लोभाविषयी इशारा का दिला?
2. जुगारात जिंकलेल्या पैशाचा दशांश कोणी आणून दिला, तर मंडळीने तो घ्यावा काय?
3. आपल्या मंडळीतील एखाद्या तरुणाला हे व्यसन लागले, तर तो निर्भयपणे कोणाकडे जाऊ शकेल? असे कोणी नसेल तर आपण काय करणार?

प्रार्थनेचा विषय : आज रात्री ज्या घरात कोणी अंधारात मोबाइल घेऊन जागा आहे, त्या घरासाठी, आणि उद्या सकाळी त्याच्याशी प्रेमाने बोलण्याचे धैर्य आपणांस मिळावे म्हणून.