घरगुती होडीस राळ व काचकापड कसें निवडावें

गोदावरी आपल्या जिल्ह्यांत पाथरी, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या शिवारांतून वाहते. ढालेगांव, मुदगल व डिग्रस येथील बंधाऱ्यांनीं तिचें पाणी अडविल्यापासून, जेथें पूर्वीं उन्हाळ्यांत पायउतार मिळे तेथें आतां खोल पाणी लागतें. ज्याचें घर एका कांठीं व जमीन दुसऱ्या कांठीं, त्यास होडी ही चैनीची वस्तु नसून औताइतकीच निकडीची आहे. ती नसली म्हणजे माणसें मिळेल त्या साधनावर बसतात. जायकवाडीच्या फुगवट्याकांठच्या भिवधानोरा गांवचीं मुलें थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेस जात असल्याचें २०२३ सालीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें होतें.

प्लायवूडची चपट्या तळाची लहान होडी गांवचा सुतार जोडूं शकतो. परंतु ती दोन पावसाळे टिकेल कीं दहा वर्षें, हें पुष्कळ अंशीं तिजवरील राळ व काचकापड, म्हणजे फायबरग्लासचें कापड, यांवर अवलंबून आहे. या दोन वस्तूंच्या निवडीचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम प्रत्येकीचें काम ओळखावें. पाणी अडविते ती राळ. कापड त्या राळेच्या थरास बळ देतें व दगडाच्या घासणीपासून लांकूड राखतें. दोन्ही मिळूनही वाईट फळीस चांगलें करूं शकत नाहींत. म्हणून फळी आय. एस. ७१० या मानकाचा शिक्का असलेली, मरीन प्लायवूड म्हणून मिळणारी घ्यावी. साध्या प्लायवूडचा चिकट पदार्थ सतत ओल सोसत नाहीं; पापुद्रे सुटल्यावर वरील कवच व्यर्थ होय.

आतां राळेकडे वळूं. बाजारांत पॉलिएस्टर व इपॉक्सी अशा दोन जाती मुख्य आहेत. पॉलिएस्टर स्वस्त असून सबंध फायबरग्लासच्या होड्यांस ती योग्यच आहे. परंतु लांकडास ती पुरेशी धरीत नाहीं. लांकूड ओलीनें फुगतें व उन्हानें आकसतें. या ओढाताणींत तिचा थर सुटतो, फटींत पाणी शिरतें, आणि वरून कांहीं न दिसतां तळ आंतून कुजूं लागतो. भर पात्रांत पाय खालीं जाईपर्यंत मालकास तें कळत नाहीं. इपॉक्सी लांकडास घट्ट चिकटते व ओलही कमी आंत जाऊं देते. ती महाग असली तरी लांकडी होडीस तीच घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कापड विणलेलें, दर चौरस मीटरास सुमारें २०० ग्रॅम वजनाचें व इपॉक्सीस चालणारें मागावें. तुटक तंतूंची मॅट स्वस्त दिसते. परंतु तिचे तंतू जोडणारी खळ पॉलिएस्टर राळेंतील स्टायरीनानें विरघळते, इपॉक्सींत विरघळत नाहीं. मग मॅट ताठ राहते व खालीं हवा कोंडते. शिवाय ती राळ फार पिते. कापड पारखण्यास एक धागा ज्योतीवर धरावा. काच पेट घेत नाहीं. घडीवर धूळ वा ओल लागलेलें कापड घेऊं नये.

आतां हिशेब पाहूं. होडी ३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच धरल्यास बाहेरील पृष्ठभाग सुमारें ६.६ चौरस मीटर होतो. पहिल्या हातास १ किलो, कापड भिजविण्यास १.३ किलो, वीण बुजविण्यास १.७ किलो, आंतील बाजूच्या दोन हातांस १.७ किलो व सांध्यांस १ किलो, मिळून ६.७ किलो, म्हणजे सुमारें ७ किलो राळ हार्डनरसह धरावी. उलट ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एकच थर सुमारें ६ किलो राळ एकटा खातो. तेव्हां काटकसर करणें ती कापडाच्या जाडींत करावी, राळेच्या जातींत करूं नये.

राळ व हार्डनर एकाच कारखान्याचे, जोडीनेंच घ्यावे. प्रमाण डब्यावर असेल तेंच, आणि तेंही वजनानें कीं मापानें हें पाहून, कांट्यानें घ्यावें. लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढविल्यास राळ कच्चीच राहते. आपल्याकडील उष्म्यांत मंद जातीचा हार्डनर मागावा. मिश्रण थोडें थोडें करून पसरट भांड्यांत ओतावें. खोल भांड्यांत तें स्वतःच्याच उष्णतेनें तापून गोठतें.

काम कार्तिकानंतर, छपराखालीं, दिवस कलतांना करावें. सकाळीं लांकूड तापत जातें तशी त्यांतील हवा फुगून राळेंत बुडबुडे येतात. पाणी बहुधा कडांतून व खिळ्यांच्या भोकांतून शिरतें, म्हणून तेथें दोन-तीन वेळां राळ मुरवावी. भिजलेलें कापड पारदर्शक दिसलें पाहिजे. पांढरा डाग म्हणजे कोरडी जागा. सुकल्यावर मेणासारखा थर आल्यास पाण्यानें धुऊन, घासून, मग पुढील हात द्यावा. शेवटीं रंग अवश्य लावावा, कारण उन्हानें इपॉक्सी खराब होते. काम करतांना हातमोजे व घासतांना तोंडावर मुखपट्टी असावी.

दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं होडी उलटी करून तळ ठोकून पाहावा. आवाज पोकळ आला तर तेवढा भाग सोलून, पुरता वाळवून, पुन्हा राळ व कापड बसवावें. भाड्यानें उतारू नेणें हा निराळा व्यवहार असून त्यास सरकारी परवानगी लागते. घरच्या होडींतही प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट असल्याखेरीज ती कांठावरून सोडूं नये.