पावसाळ्यात स्वयंपाकघरातली वाफ आणि डब्यातली सुकी मासळी



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी. त्या दिवसांत बऱ्याच घरांत कालवण होतं ते सुकट, सुका बांगडा आणि बोंबलाचं. आणि नेमकी तेव्हाच डब्यातली मासळी मऊ पडते, बुरशी धरते. आपण पावसाला नावं ठेवतो. पण त्यातली पुष्कळ ओल आपल्याच शेगडीवरची असते.

पिरनवाडी म्हणजे खानापूर-जांबोटीच्या पावसाचा उंबरठा. इथल्या जुन्या घरांना कौलं होती. कौलांच्या फटींतून धूर आणि वाफ दोन्ही निघून जायची. वासे काळे पडायचे, पण कोरडे राहायचे. आता स्लॅब आला, सरकत्या काचा आल्या, आणि पाऊस आत येतो म्हणून त्या काचाही बंद. वाफेनं जायचं कुठं?

जरा हिशेब बघा. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली. २५ अंशाला तिच्यातली हवा जास्तीत जास्त ६५० ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरते. पावसाळ्यात ती आधीच ९० टक्के भरलेली असली, तर जागा उरते ती जेमतेम अर्ध्या वाटीची! त्यापुढची वाफ जिथं गार लागेल तिथं पाणी होऊन बसते: काच, पत्रा, बाहेरची भिंत, फडताळाचा मागचा कोपरा. शिवाय गॅस जळतानासुद्धा पाणी तयार होतं. १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं.

म्हणून पहिलं काम भांड्यापाशीच. झाकण ठेवा आणि उकळी आली की आच बारीक करा. पाणी एकदा उकळलं की मोठ्या आचेनं ते जास्त गरम होत नाही, नुसतं जास्त उडतं. माशाच्या कालवणाला तर खळखळ उकळी नकोच, तुकडे मोडतात. कुकरची शिट्टी झाली की आच कमी करा, शिट्ट्या मोजत बसू नका. आंघोळीचं पाणी स्वयंपाकघरात उघड्या पातेल्यात तापवायची सवय असेल तर ती आधी सोडा. ओले कपडेही तिथं वाळत घालू नका. बादलीभर पिळलेल्या कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज असतं.

दुसरं काम वाट करून देणं. वाफ वर जाते, म्हणून एक्झॉस्ट पंखा छताजवळ, शेगडीच्या बाजूला हवा. आपल्याकडं पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा जमलं तर पंखा पूर्वेच्या भिंतीला बसवा, नाहीतर वारा त्याला उलटा ढकलतो. हवा आत यायला समोरच्या बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवा. पंख्याशेजारचीच खिडकी उघडली तर तिथलीच हवा फिरते, शेगडीवरची वाफ जागेवरच. स्वयंपाक झाल्यावरही पंधरा मिनिटं पंखा चालू राहू द्या. बाहेर पाइप न काढलेली चिमणी तेल आणि वास धरते, वाफ नाही. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

पावसाचं पाणी येतं म्हणून खालचं भोक मात्र बुजवू नका. वाफ वर जाते, पण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर खाली साचतो. बोटमालकांनी हे जास्त लक्षात ठेवावं. केबिनमध्ये शेगडी असेल तर गळलेला गॅस बोटीच्या तळात जाऊन बसतो, आणि वरची खिडकी उघडून तो बाहेर जात नाही.

आता मासळी. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढतं, म्हणून खारवलेली मासळी आधी ओली होते. डबा शेगडीच्या वरच्या फळीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, एकाच मोठ्या डब्यापेक्षा आठवड्यापुरत्या लहान बरण्या बऱ्या. भात उकळत असताना बरणी उघडू नका. उन्हाची तिरीप आली आणि मासळी वाळवली, तर पूर्ण गार झाल्यावरच भरा; गरम भरली की झाकणाच्या आत पाणी धरतं.

आणि मासळी सुकवायला म्हणून दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत पेटती ठेवून झोपू नका. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. मासळी ओली झाली तर तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, आणि बुरशी धरलेली असेल तर सरळ टाकून द्या.