अंदाज चार लाखांचा, बिल सव्वापाचाचे!

दुकानाची दुरुस्ती असो, यंत्रमागाची शेड असो की घरावर चढवायचा एक मजला असो, आपल्या बांधवांची एक तक्रार हमखास ऐकू येते. "कंत्राटदाराने चार लाख सांगितले आणि बिल पाच लाख वीस हजारांचे दिले!" मग वाद पेटतो, काम अर्धवट राहते, वर्षांची ओळख तुटते. अशा वादात बेईमानी असतेच असे नाही; पुष्कळदा व्यवहारच कच्चा असतो.

अंदाज म्हणजे ठरलेली किंमत नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. काम देतानाच स्पष्ट विचारावे: ही ठोक रक्कम आहे की मोजमापावर पैसे होणार? ठोक रक्कम ठरली असेल तर त्याच कामासाठी जास्त मागण्याचा हक्क कंत्राटदाराला राहत नाही. मोजमापावर काम असेल तर फक्त दर पक्का असतो, एकूण रक्कम मोजणीनंतर निघते.

बिल फोडून पाहा

वरील उदाहरणात फरक 1 लाख 20 हजारांचा आहे. भांडण्याआधी कंत्राटदाराकडून त्याची फोड मागावी. समजा, ती अशी निघाली:

1. मालकाने मध्येच सांगितलेला पोटमाळा : 35 हजार. हे देणे लागते. काम सांगून करून घेतले व वापरले, तर कागद नसला तरी वाजवी मोबदला चुकत नाही. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 70 चे तत्त्वही हेच आहे.

2. गिलावा काढल्यावर कुजलेली तुळई निघाली : 20 हजार. कंत्राटदाराने काम थांबवून दाखवले व विचारले असेल तर द्यावे. न विचारता बदलून नंतर बिलात घातले असेल, तर बोलणी करण्यास जागा आहे.

3. सिमेंट, लोखंड महागले : 25 हजार. भाववाढ कोणी सोसायची हे ठरले असेल तसे. ठोक रकमेत काहीच ठरले नसेल तर ती सर्वसाधारणपणे कंत्राटदाराने सोसायची असते.

4. "मोजणीत चूक झाली, दर परवडला नाही" : 40 हजार. ठोक रकमेच्या कामात हा त्याचा तोटा. मालकावर टाकता येत नाही.

म्हणजे सारे बिल नाकारणे जसे चूक, तसे मुकाट्याने सारे भरणेही चूक.

शरीअतची शिकवण

सूरह बकरहची 282 वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत. तिचा विषय नमाज वा रोजा नाही, तर मुदतीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे बांधकाम हा असाच व्यवहार होय. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला?" असे म्हणणाऱ्यांनी ही आयत अर्थासह वाचावी.

फिकहमध्ये वस्तू बनवून घेण्याच्या कराराला 'इस्तिस्ना' म्हणतात. त्यात वस्तूचे वर्णन व किंमत दोन्ही स्पष्ट असावी लागतात. कारण मोघमपणातूनच भांडण जन्मते. उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या हनफी संहितेनुसार असा करार झाल्यावर कोणालाही एकतर्फी मागे फिरता येत नाही.

काम देण्यापूर्वी

- कामाची यादी, माप, मालाचा दर्जा व कंपनी लिहून घ्यावी.
- दर मालासकट की फक्त मजुरीचा, जीएसटी धरला की नाही, हे नमूद करावे.
- वाढीव कामाचा दर व रक्कम आधी लिहून दोघांनी सही करावी, मगच हात लावावा. साधी वही पुरते.
- पैसे झालेल्या कामाप्रमाणे हप्त्याने द्यावेत व पावती घ्यावी. थोडी रक्कम शेवटच्या तपासणीपर्यंत राखावी, पण तीही आधी ठरवून.

वाद झालाच तर

दोघांच्या विश्वासातील जाणकार मिस्त्री वा इंजिनिअरकडून मोजमाप करून घ्यावे. वाद नसलेली रक्कम लगेच द्यावी. मजुराची मजुरी अडवून कंत्राटदाराशी भांडू नये. मिटले नाही तर लेखी नोटीस द्यावी. राहत्या घराचे काम असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दुकान-कारखान्याचे काम व्यापारी हेतूचे ठरू शकते. तेथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग. वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

शेवटी एक गोष्ट आपल्याच कारागिरांसाठी. आपल्यात सुतार, गवंडी, वेल्डर, रंगारी, वायरमन पुष्कळ आहेत. काम मिळावे म्हणून मुद्दाम कमी आकडा सांगायचा आणि भिंत फोडून झाल्यावर वाढवायचा, ही चलाखी नसून धोका आहे. असा पैसा हलाल कमाईत कसा मोजणार? खरा आकडा सांगितल्याने एखादे काम जाईल. पण दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या मिस्त्रीचे नाव एक गिऱ्हाईक दुसऱ्याला सांगते. बाजारात हीच खरी पुंजी आहे.