‘मायबाप’ आणि नट

बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. हा शब्द त्यांच्या नम्रतेची खूण म्हणून सांगितला जातो. मला त्यात आणखीही काही ऐकू येते. आमच्याकडे शेतकरी ‘मायबाप’ म्हणतो तो सरकारला, नाहीतर सावकाराला. ज्याच्यापुढे हात पसरायचा, ज्याला नाही म्हणता येत नाही, तो मायबाप. नटाचे प्रेक्षकांशी असलेले नाते या अर्थानेही तपासून पाहावे असे वाटते.

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांचे स्त्रीरूप हा एका काळाचा ध्यास होता. त्यांचे लुगडे नेसणे, केसांत फूल माळणे घरंदाज स्त्रिया उचलीत. पुरुषाकडून स्त्रियांनी स्त्रीपण शिकावे, ही गोष्टच विलक्षण! या प्रेमाची किंमत मात्र मोठी होती. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरीही प्रयोग झाला. ते भामिनी म्हणून उभे राहिले, गायले. ही हकीकत कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात. तिच्यातला बाप कोठे गेला, हे कोणी विचारीत नाही.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. उंची वस्त्रे, अत्तरे, भारी पडदे यांवर पैसा पाण्यासारखा गेला. रसिकांना कमी दर्जाचे द्यायचे नाही, हा त्यांचा हट्ट, कर्ज वाढले. (‘एकच प्याला’तील सिंधूला मात्र ते ठिगळांच्या लुगड्यात उभे करीत आणि थिएटर रडत असे. म्हणजे भरजरी वस्त्रांवाचूनही त्यांची जादू चालत होती.)

खरी कसोटी १९३५ साली लागली. बोलपट आले होते, वय वाढले होते. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. ती लोकांच्या मनात रुजली नाही. ज्यांनी भामिनी, सिंधू, रुक्मिणी यांच्यावर जीव टाकला, त्यांना नारायणराव पाहायचेच नव्हते. ते रंगभूमीवर परतले आणि शरीर थकलेले असतानाही पुन्हा स्त्रीभूमिकाच करीत राहिले. टीकाकार याला त्यांचा मोह म्हणतात. मला हा निवाडा एकांगी वाटतो. एवढ्या प्रेमाने ज्याला एका रूपात बसवून ठेवले, त्याने त्यातून उठावे तरी कसे? ते स्वतः दुखावले होते की सुखावले होते, हे त्यांच्या ‘मायबाप’ या शब्दावरून कळत नाही. कदाचित दोन्ही.

१९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर १९६८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, उघडले. तेथे चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन चित्रे आहेत. एक स्त्रीवेषातले, दुसरे पुरुषवेषातले.